रमजानचा महिना: मराठवाड्यात दर वर्षी विचारले जाणारे प्रश्न

रमजानच्या आधीचा शाबानचा महिना संपत आला की कार्यालयातले सहकारी, गल्लीतले शेजारी आणि मुलांच्या वर्गातले पालक तेच ते प्रश्न पुन्हा विचारू लागतात. प्रश्न आपुलकीचे असतात, मात्र चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या दिलेले उत्तर बहुधा अर्धवट राहते. म्हणून ती उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. मराठवाड्यातील बहुसंख्य मुस्लिम सुन्नी हनफी परंपरेचे आहेत, त्यामुळे नियम सांगताना मुख्यतः तीच परंपरा समोर ठेवली आहे आणि अन्य पंथांत फरक असेल तेथे तसे नमूद केले आहे.

रमजान कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत येतो. असे का?

रमजान हा हिजरी, म्हणजे इस्लामी, वर्षाचा नववा महिना आहे आणि हिजरी वर्ष निव्वळ चंद्राचे, म्हणजे सुमारे 354 दिवसांचे असते. आपल्या पंचांगातही महिने चंद्राचेच आहेत, परंतु तेथे साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक मास घालून ऋतूंशी मेळ बसवला जातो, म्हणूनच दिवाळी कधी पावसाळ्याच्या तोंडाशी येत नाही. हिजरी गणनेत अधिक मास नाही. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. 2018 आणि 2019 चे रोजे मे महिन्याच्या उन्हात झाले, 2025 चे मार्चमध्ये झाले, आणि 2030 साली तर जानेवारीत एक व डिसेंबरच्या अखेरीस दुसरा असे दोन रमजान एकाच इंग्रजी वर्षात सुरू होतील.

हे सरकणे अडचणीचे आहे असे अनेकांना वाटते. मला ते न्यायाचे वाटते, कारण शेतमजुराला किंवा वीटभट्टीवरच्या कामगाराला आयुष्यभर वैशाखातच रोजे धरावे लागत नाहीत.

चंद्र दिसला हे कोण ठरवते? सौदी अरेबियात रोजे सुरू झाले तरी आपल्याकडे का नाही?

शाबानच्या 29 तारखेला सूर्यास्तानंतर पश्चिमेला कोर शोधली जाते. ती दिसली तर दुसऱ्या दिवशी पहिला रोजा, न दिसली तर शाबानचे 30 दिवस पूर्ण करायचे. ठिकठिकाणच्या रुयते हिलाल (चंद्रदर्शन) समित्या साक्षी तपासून घोषणा करतात. नवी कोर पश्चिमेकडील देशांत आधी दिसण्याची शक्यता अधिक असते, म्हणून सौदी अरेबिया आणि भारत यांच्यात बहुतेक वर्षी एका दिवसाचा फरक पडतो. दाऊदी बोहरा समाज गणितावर आधारलेले ठरावीक कॅलेंडर पाळतो, त्यामुळे त्यांचे रोजे बहुधा एक-दोन दिवस आधी सुरू होतात आणि त्यांचा रमजान नेहमीच 30 दिवसांचा असतो.

येथे एक बारकावा सहसा लक्षात येत नाही. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे चंद्र दिसलेल्या रात्रीच रमजान लागतो आणि त्याच रात्री तरावीहची (रमजानमधील रात्रीची) पहिली नमाज होते, रोजा मात्र दुसऱ्या पहाटेपासून.

रोजा नेमका कधी सुरू होतो आणि कधी सुटतो? टीव्हीवर दाखवलेली वेळ चालते का?

रोजा सूर्योदयाला सुरू होतो असा सार्वत्रिक समज आहे, पण तो चुकीचा आहे. पूर्वेला पहिला उजेड आडवा पसरू लागतो, म्हणजे फजरच्या (पहाटेच्या) नमाजेची वेळ लागते, तेव्हाच खाणेपिणे थांबते. ही वेळ सूर्योदयाच्या साधारण सव्वा तास आधीची असते. रोजा सुटतो तो सूर्यास्ताला, मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजेच्या) अजानबरोबर. शिया पंथीय सूर्यास्तानंतर पूर्वेकडील लाली मावळेपर्यंत थोडे थांबतात. छत्रपती संभाजीनगरात जूनच्या सुरुवातीचा रोजा साडेचौदा तासांहून थोडा मोठा आणि डिसेंबर अखेरचा सव्वाबारा तासांच्या आसपास भरतो. युरोपातील उन्हाळी रोज्यांच्या मानाने आपण सुखी आहोत.

टीव्हीवर दाखवलेली मुंबईची वेळ मराठवाड्यात चालत नाही. रेखांशाच्या प्रत्येक अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो. संभाजीनगर मुंबईच्या अडीच अंश पूर्वेला आहे आणि नांदेड संभाजीनगरच्या जवळजवळ दोन अंश पूर्वेला. म्हणजे नांदेडचा सूर्य संभाजीनगरच्या आधी सुमारे आठ मिनिटे आणि मुंबईच्या आधी सुमारे अठरा मिनिटे मावळतो. मशिदीत, किराणा दुकानांत आणि दवाखान्यांत जे छापील वेळापत्रक फुकट मिळते, त्यावर गावाचे नाव आधी वाचावे. हे मी अनुभवाने सांगतो. एका वर्षी आमच्या खालाने (मावशीने) नांदेडहून येताना तिकडचे सुंदर रंगीत वेळापत्रक आणले आणि अम्मीने ते फ्रिजवर चिकटवले. पहिल्याच संध्याकाळी त्यावरची वेळ पाहून आम्ही सर्वांनी खजूर तोंडात टाकले, सरबत प्यायलो, भज्यांची दुसरी घाणी ताटात आली आणि मग मशिदीतून अजान सुरू झाली. दादीने हातातला पेला तसाच खाली ठेवला. घरातल्या सात जणांना ईदनंतर एकेक कजा (भरपाईचा) रोजा धरावा लागला. त्याच वेळापत्रकाने पहाटे आम्हाला आठ मिनिटे आधी पाणी बंद करायला लावले होते, त्याची भरपाई मात्र कोणी दिली नाही.

पाणीसुद्धा प्यायचे नाही?

नाही. साबुदाणा, भगर, फळे, चहा चालणाऱ्या उपवासाशी रोज्याची तुलना केली की गोंधळ होतो. तुलना करायचीच तर निर्जळी एकादशीशी करावी, मात्र ती सूर्यास्ताला सोडायची आणि 29 किंवा 30 दिवस रोज धरायची. खाणे, पिणे, धूम्रपान, तंबाखू आणि पती-पत्नीचा शरीरसंबंध या गोष्टी रोज्याच्या वेळेत वर्ज्य आहेत. तंबाखू मळणाऱ्यांचे पहिले चार दिवस भुकेपेक्षा तलफेने अवघड जातात, आणि त्या चार दिवसांत त्यांच्याकडे उधारीचा विषय काढू नये हा व्यवहारी सल्ला आहे. खोटे बोलणे, चहाडी आणि भांडण यांनी रोजा कायद्याने तुटत नसला तरी त्याचे पुण्य उरत नाही, असे प्रत्येक मौलाना पहिल्याच जुम्याच्या बयानात (शुक्रवारच्या प्रवचनात) सांगतात.

चुकून काही खाल्ले, थुंकी गिळली, इंजेक्शन घेतले, तर रोजा तुटतो का?

विसरून खाल्ले तर रोजा तुटत नाही. आठवताच थांबायचे आणि रोजा पुढे चालू ठेवायचा. थुंकी गिळल्याने काही होत नाही, आणि रोजेदार दिवसभर थुंकत असतो ही कल्पना कुठून रुजली हे एक कोडेच आहे. आपोआप झालेली उलटी, अत्तर लावणे, मिसवाकने दात घासणे, आंघोळ, रक्ततपासणी यांनी रोजा तुटत नाही. औषधाचे इंजेक्शन बहुतेक उलेमांच्या (धर्मपंडितांच्या) मते चालते, परंतु दम्याच्या पंपाने रोजा तुटतो असे अनेक हनफी उलेमांचे मत आहे, म्हणून दम्याच्या रुग्णाने हा प्रश्न आपल्या भागातील मुफ्तींनाच विचारावा. कारणाने सुटलेल्या रोज्याबद्दल नंतर एक रोजा धरणे म्हणजे कजा. रमजानचा रोजा धरून तो काही कारण नसताना जाणूनबुजून मोडला, तर कजासोबत कफ्फारा, म्हणजे सलग 60 रोजे लागू होतात, आणि ते शरीराला शक्यच नसेल तर 60 गरिबांना जेवण.

रोजा कोणाला माफ आहे?

आजारी व्यक्ती, लांबचा प्रवासी, स्वतःला किंवा बाळाला अपाय होण्याची भीती असलेली गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई यांना रोजा पुढे ढकलता येतो. मासिक पाळीत रोजा धरायचाच नसतो आणि ते दिवस नंतर भरून काढायचे असतात. अतिवृद्ध आणि बरे न होणारे रुग्ण यांनी प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला दोन वेळचे जेवण किंवा त्याची किंमत द्यायची असते, त्याला फिदिया म्हणतात. रोज्यांची आज्ञा हिजरी सन 2 मध्ये आली. कुरआनच्या दुसऱ्या सूरेतील (अध्यायातील) 183 ते 185 या आयतींत ती आज्ञा आहे आणि त्याच ओळींत आजारी व प्रवासी यांची सवलत सांगून अल्लाह तुमच्यासाठी अवघडपण नव्हे, सुलभता इच्छितो असे म्हटले आहे. तरीही आमच्या भागात सवलत घेणे कमीपणाचे मानणारी म्हातारी माणसे घरोघरी आहेत.

मधुमेह असल्यास काय करावे?

रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या किंवा इन्सुलिनच्या मात्रा आणि वेळा बदलून घ्याव्यात. सकाळची गोळी इफ्तारला (रोजा सोडताना) आणि रात्रीची सहरीला (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला) अशी परस्पर अदलाबदल धोक्याची ठरू शकते. रोजा असतानाही ग्लुकोमीटरने साखर तपासता येते, बोटाला सुई टोचल्याने रोजा तुटत नाही. साखर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर गेली, तर त्याच क्षणी रोजा सोडावा. घाम, हातांची थरथर आणि डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे दिसल्यावर अजानला अर्धाच तास उरला आहे असा हिशेब करत बसू नये.

लहान मुलेही रोजे धरतात का?

वयात येईपर्यंत रोजा फर्ज (बंधनकारक) नाही. तरी सात-आठ वर्षांची मुले हट्टाने धरतात आणि आई दुपारी कौतुकाने सोडायला लावते. पहिला पूर्ण रोजा पार पडला की रोजा-कुशाई होते: मुलाला नवे कपडे, गळ्यात फुलांचा हार, नातेवाइकांना इफ्तारचे आमंत्रण. त्या दिवशी चारनंतर ते मूल दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहते आणि घरातले बाकीचे त्याच्याकडे पाहतात.

सहरीला काय खातात?

घरोघरी वेगळे. पोळी-भाजी, रात्रीचा खिमा, दूध-शेवया, खिचडी, उकडलेली अंडी, वर दोन पेले पाणी. कामावर जाणारे भाकरी आणि दही पसंत करतात, कारण ज्वारी पोटाला धरून राहते आणि दह्याने तहान कमी लागते असा इकडचा अनुभव आहे. खारट आणि तळलेले टाळावे. खरी मेहनत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीची असते: ती सर्वांच्या तासभर आधी उठते, सर्वांत शेवटी खाते, आणि वेळ संपत आली की तिच्या वाट्याला बऱ्याचदा चार घास आणि घाईने प्यायलेले पाणी येते. अलीकडे काही घरांत मुलगे कणीक मळू लागले आहेत. प्रमाण अजून फार नाही.

पहाटे ढोल किंवा भोंगा का वाजतो?

गजराची घड्याळे नव्हती तेव्हा वस्तीतील काही माणसे डफ वाजवत, दख्खनी बोलीत हाका मारत आणि नात (पैगंबरांच्या स्तुतीची गीते) गात रोजेदारांना उठवत फिरत असत. जुन्या गल्ल्यांत ही फेरी अजून कुठे कुठे निघते आणि ईदला घरोघरी त्यांना बक्षिसी मिळते. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपकावर कायद्याने निर्बंध आहे आणि तो सहरीलाही लागू आहे. प्रत्येकाच्या उशाशी मोबाइल असताना मोठ्या आवाजाची गरज उरलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

इफ्तारला काय असते? नान-खलिया आणि हलीम रमजानचेच पदार्थ आहेत का?

इफ्तार खजुराने किंवा पाण्याने करायची हा पैगंबरांचा परिपाठ आहे, बाकी सारे त्या त्या मुलखाचे. आमच्याकडे ताटात कांदाभजी, समोसे, दहीवडे, उकडून फोडणी दिलेले हरभरे आणि फळे येतात. फळांत जालन्याची मोसंबी, अर्धापूरची केळी, उन्हाळा असेल तर टरबूज. बागवानांच्या गाड्यांवर असर (दुपारनंतरची नमाज) आणि मगरिब यांच्या मधल्या तासात जी गर्दी उसळते ती पाहण्यासारखी असते. भाव त्या तासात चढतात आणि अजानच्या आधी पाच मिनिटे एकदम उतरतात. गाडीवाल्यालाही रोजा सोडायचा असतो.

हलीम हा गहू, डाळी आणि मांस तासन्‌तास शिजवून घोटलेला पदार्थ हैदराबादच्या वळणाचा आहे. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे नांदेडपासून संभाजीनगरपर्यंत त्याची भट्टी रमजानमध्ये लागणे साहजिक आहे. नान-खलिया मात्र संभाजीनगरची स्वतःची ओळख: तंदूरमधली जाड, पिवळसर नान आणि मटणाचा मसालेदार तर्रीचा रस्सा. मुहंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा सैन्यासाठी एकाच वेळी मोठ्या प्रमाणावर शिजवता येणारे जेवण म्हणून हा पदार्थ आला असे सांगितले जाते. तो लग्नाकार्यात वर्षभर असतो, रमजानच्या रात्री त्याला गिऱ्हाईक वाढते इतकेच.

रात्री दीड-दोन तास चालणारी नमाज कोणती?

ती तरावीह. इशाच्या (रात्रीच्या) नमाजेनंतर हनफी परंपरेत 20 रकात (नमाजेची आवर्तने) आणि अहले हदीस मशिदींत 8 रकात अदा होतात. तोंडपाठ कुरआन असलेला हाफिज रोज साधारण एक ते सव्वा पारा (कुरआनचा तिसावा भाग) म्हणतो आणि महिनाअखेरीस 30 पारे पूर्ण होतात. मागे दुसरा हाफिज उभा असतो, पहिला अडखळला की तो शब्द पुरवतो. काही मशिदींत दहा-पंधरा दिवसांतच पूर्ण कुरआन संपवतात, व्यापाऱ्यांना ते सोयीचे पडते, पण वेग इतका वाढतो की ऐकणाऱ्याला शब्द सुटे कळत नाहीत. मला सत्तावीस दिवसांची संथ तरावीह बरी वाटते.

सत्ताविसावी रात्र आणि एतिकाफ म्हणजे काय?

कुरआन ज्या रात्री उतरण्यास सुरुवात झाली ती शबे कद्र, आणि कुरआनच्या 97 व्या सूरेनुसार ती हजार महिन्यांहून श्रेष्ठ आहे. ती अखेरच्या दहा दिवसांतील एका विषम रात्री असते. आपल्याकडे सत्ताविसावी रात्र मानण्याचा प्रघात आहे आणि बहुतेक मशिदींत त्याच रात्री तरावीहचा कुरआन पूर्ण होतो. अखेरचे दहा दिवस मशिदीतच मुक्काम करून इबादत करणे म्हणजे एतिकाफ. मोहल्ल्यातून निदान एकाने तरी बसावे लागते, कोणीच न बसल्यास दोष साऱ्या मोहल्ल्यावर येतो. पडद्यामागे बसलेल्या त्या माणसाला कोणाच्या घरून सहरी जाणार, याची पाळी वस्तीत आधीच ठरलेली असते.

जकात आणि फित्रा यांत फरक कोणता?

जकात संपत्तीवर आहे. साडेसात तोळे (87.48 ग्रॅम) सोने किंवा साडेबावन्न तोळे (612.36 ग्रॅम) चांदी, अथवा तेवढ्या किमतीची रोकड व व्यापारी माल, कर्ज वजा जाता, ज्याच्याकडे असेल आणि त्याला एक चांद्र वर्ष झाले असेल, त्याने चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के द्यायचा. दोन लाख रुपयांवर पाच हजार. राहते घर आणि वापरातले वाहन यांत मोजत नाहीत. जकात रमजानमध्येच द्यावी असा नियम नाही, पण या महिन्यात पुण्य अनेक पटींनी मिळते या श्रद्धेने बहुतेक लोक हिशेब आताच करतात. आईवडील, मुले आणि पती-पत्नी यांना जकात देता येत नाही. गरजू बहीण, भाऊ, पुतणे यांना देता येते आणि आधी त्यांनाच पाहावे.

फित्रा माणशी आहे. ऐपत असलेल्याने स्वतःचा आणि लहान मुलांचा, ईदच्या आदल्या रात्री, पहाटेपूर्वी जन्मलेल्या बाळाचासुद्धा, पावणेदोन ते दोन किलो गव्हाच्या किमतीइतका फित्रा ईदच्या नमाजेआधी गरिबाच्या हाती द्यायचा. हेतू उघड आहे: ईदच्या सकाळी त्याच्याही घरी दूध-शेवया असाव्यात. म्हणून तो आठवडाभर आधी दिलेला बरा.

रोजेदारासमोर खाल्लेले चालते का? कार्यालयात काय लक्षात ठेवावे?

खुशाल खावे. डबा लपवून जिन्याखाली जाऊन जेवणाऱ्या सहकाऱ्यामुळे उलट आम्हालाच संकोच वाटतो. चहा पुढे केल्यावर “रोजा आहे” असे उत्तर आले की आग्रह मात्र करू नये, आणि “एक घोट घे, कोण पाहतंय” हे थट्टेतही म्हणू नये. बैठक दुपारनंतर ठेवण्यापेक्षा सकाळी ठेवली, मे महिन्यात उन्हातले काम पहाटे उरकू दिले आणि सूर्यास्ताआधी अर्धा तास सोडले, तर पुष्कळ झाले. इफ्तारला बोलावले असल्यास अजानच्या दहा मिनिटे आधी पोहोचावे. फळे किंवा खजूर न्यावेत. रोजा नसला तरी पाहुण्याने अजान होईपर्यंत सर्वांबरोबर थांबावे अशी अपेक्षा असते, सक्ती नसते.

ईदच्या दिवशी काय होते?

सकाळी आंघोळ, स्वच्छ किंवा नवे कपडे, अत्तर, आणि विषम संख्येने खजूर खाऊन ईदगाहकडे निघायचे. ईदच्या नमाजेला अजान नसते. दोन रकात असतात, हनफी पद्धतीत त्यांत सहा जादा तकबीर (‘अल्लाहु अकबर’चे उच्चार) येतात आणि खुतबा (प्रवचन) नमाजेनंतर होतो. एका रस्त्याने जावे आणि दुसऱ्याने परतावे हा संकेत आहे. 2020 साली टाळेबंदीमुळे ईदगाह ओस पडले आणि लोकांनी घरातच नमाज अदा केली. कोणाला गळाभेट द्यायची नाही अशी ती ईद 25 मे रोजी झाली. एरवी नमाजेवरून येताना कब्रस्तानात जाऊन गेलेल्या माणसांसाठी दुआ करतात, मग गाठीभेटी आणि मुलांची ईदी. परवा-तेरवापर्यंत पाहुणे येत राहतात; ईदच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे बासी ईद म्हणतात.

शीरखुर्मा कसा करतात?

शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, त्यामुळे खारकेशिवाय केलेला पदार्थ म्हणजे नुसती शेवयांची खीर. खारीक आदल्या दिवशी दुपारीच भिजवावी, बिया काढून लांब पातळ काप करावेत. चारोळी कोमट पाण्यात भिजवून चोळून सोलावी, हे काम कंटाळवाणे असते म्हणून ते चंद्र पाहून आलेल्या मुलांकडे जाते. काप, चारोळी, बदाम, काजू आणि सुके खोबरे तुपावर वेगवेगळे परतावे. बारीक शेवया मंद आचेवर बदामी होऊ द्याव्यात. दूध आटवून साखर घालावी, मग खारीक आणि मेवा, आणि शेवया अगदी शेवटी मूठभरच टाकाव्यात, कारण त्या रात्रभर दूध पितात आणि सकाळी पातेल्यात चमचा उभा राहतो. दूधवाल्याची त्या रात्री कसोटी असते. 29 व्या रोज्याच्या संध्याकाळी साडेसातपासून त्याचा फोन सुरू होतो, “दिसला का?” एवढेच तो विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत कोणाला दहा लिटर द्यायचे आणि कोणाला नेहमीचे एक, हे त्यालाही ठरवता येत नाही.

ईदनंतर रोजे पूर्ण संपतात का?

ईदच्या दिवशी रोजा धरण्यास मनाई आहे. त्यानंतरच्या शव्वाल महिन्यात सहा ऐच्छिक रोजे धरतात, ते सलग किंवा सुटे कसेही चालतात. ज्यांचे कजा रोजे राहिले आहेत त्यांनी ते पुढच्या रमजानच्या आत सोयीच्या दिवशी पूर्ण करावेत. अनेक जण ते डिसेंबर-जानेवारीच्या लहान दिवसांसाठी राखून ठेवतात. आमचे सात जणांचे सात रोजेही असेच थंडीत झाले, आणि त्या दिवशी इफ्तारची वेळ पाहायला दादीने फ्रिजकडे न जाता मला गच्चीवर पाठवले.